सुट्या भागाचा रास्त भाव: बाभुळगावातून एक आढावा

“भाऊ, कंपनीचा देऊ की लोकल?” स्पेअर पार्टच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न बहुधा हाच येतो आणि उत्तर बहुधा खिसा चाचपून दिले जाते. ब्रेक पॅडचा जोड, ऑइल फिल्टर, चाकाचे बेअरिंग, काहीही मागा, दोन-तीन वेगवेगळे भाव कानावर येतात. फरक कशाचा, हे विचारायला गिऱ्हाइकाला सुचत नाही आणि सांगायला दुकानदाराला वेळ नसतो. मग घासाघीस होते, पन्नास-शंभर रुपये उतरतात आणि स्वस्तात मिळाले या समाधानात माणूस परततो.

सुट्या भागांच्या खरेदीत घासाघीस थोडे वाचवते आणि माहिती बरेच वाचवते, असे या लेखाचे म्हणणे आहे. भागाचा नंबर काय, तो मुळात कोणी बनवला, पूर्ण जोड बदलायचा की त्यातला एकच तुकडा, आणि गाडी किती दिवस उभी राहील, या चार गोष्टी ठाऊक असल्या की भाव आपोआप आवाक्यात येतो. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी ही माहिती शहरापेक्षा जास्त मोलाची ठरते, कारण इथे चुकीचा भाग आला तर तो परत करण्याचा खर्चही गाडीमालकावरच पडतो.

तालुक्याच्या गाड्या, तालुक्याची झीज

बाभुळगाव यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर आहे. एका हाताला जिल्ह्याचे ठिकाण, दुसऱ्या हाताला अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे, मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरचे स्थानक. दोन्हींकडचे अंतर विसेक-पंचवीस किलोमीटर. रोज झिजणारे फिल्टर, बल्ब, पट्टे, लायनर तालुक्यात मिळतात. त्यापुढचा माल यवतमाळहून, तिथे नसला तर अमरावती किंवा नागपूरहून येतो. दुकानदार फोनवर सांगतो आणि पार्सल एसटीने किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीने पोहोचते.

एमएच २९ क्रमांकाच्या ज्या गाड्या या रस्त्यांवर दिसतात त्यांत बोलेरो, पिकअप, टाटा एस, इको, अल्टो आणि वॅगनआर भरपूर. शेतमाल वाहणाऱ्या गाडीचा आणि घरच्या गाडीचा ताण वेगळा, तरी जमीन आणि हवामान दोघींना सारखेच. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. त्यामुळे सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि शॉकअप लवकर जातात. शेतरस्त्यावरची धूळ एअर फिल्टर भरून टाकते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की बॅटरी, रेडिएटरची नळी, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप यांची परीक्षा होते. म्हणजे इथल्या गाडीमालकाने ज्या भागांचे भाव आधीपासून माहीत करून ठेवावेत त्यांची यादी फार लांब नाही. दहा-बारा भागांतच वर्षाचा बहुतेक खर्च होतो.

दुसरी गोष्ट पैशाच्या हंगामाची. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन कापूस घरात आला, विकला गेला, की हातात पैसा येतो. त्याआधीचे चार महिने दुरुस्ती उधारीवर चालते किंवा पुढे ढकलली जाते. पुढे ढकललेली दुरुस्ती सर्वांत महाग पडते. वेळेवर बदललेला ब्रेक पॅड काही शे रुपयांत निभावतो, घासत ठेवला तर डिस्कही जाते. गळणारी कूलंटची नळी दुर्लक्षिली तर हेड गॅस्केटपर्यंत काम येते.

पूर्वी भाग का मिळायचे?

आपल्या देशात अनेक दशके रस्त्यावर मोजकीच मॉडेल होती. हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसॅडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर कंपनीची फियाट म्हणजे पुढची पद्मिनी, आणि महिंद्राची जीप. वर्षानुवर्षे रचना तीच राहिल्याने त्यांचे भाग अनेक छोट्या कारखान्यांत बनत आणि कुठल्याही दुकानात मिळत. मिस्त्रीला नंबर विचारावा लागत नसे, हातात घेतला की भाग ओळखू येई.

१९८३च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी आली. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या आणि एका दशकात गाड्यांचे प्रकार कित्येक पट वाढले. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल, डिझेल, सीएनजी, आणि दर दोन-तीन वर्षांनी थोडा बदललेला अवतार. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ मानक लागू झाले आणि सेन्सर, एक्झॉस्टमधली यंत्रणा, संगणकीय नियंत्रण यांची भर पडली. आता दोन बोलेरोंच्या भागांतही वर्ष आणि इंजिनाप्रमाणे फरक असतो. भागांची विविधता वाढली तशी माहिती कंपनीच्या हातात एकवटली, आणि ज्याच्या हातात माहिती असते तोच भाव ठरवतो.

चाकणहून बाभुळगावपर्यंत

गाडीवर नाव असलेली कंपनी गाडीतले बहुतेक भाग स्वतः बनवत नाही. ते पुरवठादार बनवतात, आणि त्यांतले कितीतरी आपल्याच राज्यात आहेत. गॅब्रिएलचे शॉक अॅब्सॉर्बर चाकणला बनतात, एसकेएफची बेअरिंग पुण्यात चिंचवडला, भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट मुंढव्याला. व्हॅरॉक आणि एन्ड्युरन्स या छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या कंपन्या आहेत. बॉश, ल्युकास टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया, राणे, ल्युमॅक्स, युनो मिंडा ही नावे मिस्त्रींच्या तोंडी असतात.

पुरवठादाराने बनवलेला भाग दोन वाटांनी बाजारात येतो. एका वाटेने तो गाडी कंपनीच्या गोदामात जातो, तिच्या खोक्यात भरला जातो, तिचा नंबर आणि तिची एमआरपी घेऊन वितरकाकडे किंवा शोरूमकडे येतो. दुसऱ्या वाटेने तो पुरवठादाराच्याच नावाच्या खोक्यात थेट सुट्या बाजारात उतरतो. दोन्ही वाटांवर प्रत्येक टप्प्याचे मार्जिन चढते: वितरक, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार आणि पुष्कळदा भाग बसवणारे गॅरेज. पहिल्या वाटेवर त्यात गाडी कंपनीच्या नावाची किंमतही मिळते. खोक्यांवरच्या दोन भावांमागे अनेकदा एकाच कारखान्याचा माल असतो, तो यामुळे.

कराचा हिशेबही अलीकडे बदलला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा बहुतेक सुटे भाग २८ टक्क्यांच्या गटात होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांना १८ टक्के हा एकच दर लागू झाला. कर सोडून १,००० रुपयांच्या ज्या भागाची किंमत आधी १,२८० होत होती, ती आता १,१८० व्हायला हवी. म्हणजे ग्राहकाच्या हाती जवळपास ८ टक्क्यांची उतरण. जे भाग आधीपासून १८ टक्क्यांत होते त्यांचा भाव यामुळे हलत नाही. पण जुन्या साठ्यातले, जुनी किंमत छापलेले खोके समोर आले तर बिलावर कोणता दर लावला हे बघणे आपल्या हिताचे आहे.

एमआरपीबद्दलही एक गैरसमज आहे. ती कमाल मर्यादा आहे, सर्व करांसह. कंपनीच्या खोक्यातल्या मालावर सूट थोडी मिळते. सुट्या बाजारातल्या काही ब्रँडची छापील किंमत मात्र मुळातच चढी ठेवलेली असते, म्हणजे मोठी सूट दाखवता येते. म्हणून ‘किती टक्के कमी केले’ याला अर्थ नाही. हातात पडलेला अंतिम आकडा दुसऱ्या ठिकाणच्या अंतिम आकड्याशी ताडून बघायचा.

दर्जाच्या पायऱ्या

काउंटरवर ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ असे दोनच शब्द येतात, पण माल निदान पाच प्रकारचा असतो.

पहिला, गाडी कंपनीच्या खोक्यातला. भाव सर्वांत जास्त, जुळण्याची खात्रीही सर्वांत जास्त.

दुसरा, त्याच मूळ पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकलेला. पुष्कळ भागांत हाच सर्वांत शहाणा सौदा असतो. आपल्या गाडीत मुळात कोणाचा क्लच, कोणाचा शॉकअप, कोणाचा अल्टरनेटर आहे हे जुन्या भागावरच्या शिक्क्यावरून कळते. म्हणून जुना भाग उतरल्यावर पुसून त्यावरचे नाव वाचावे.

तिसरा, दुसऱ्या नामांकित कंपनीने त्या गाडीसाठी बनवलेला पर्यायी भाग. फिल्टर, वायपर, पट्टा, बल्ब, बॅटरी, ब्रेक पॅड यांत चांगले पर्याय आहेत.

चौथा, नाव नसलेला किंवा ऐकिवात नसलेल्या नावाचा स्थानिक माल. तो बेकायदा नसतो, पण दर्जा खेपेगणिक बदलतो. दाराचे हँडल, मडगार्डचे प्लास्टिक, फूटमॅट यांसाठी चालून जाईल. ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी मुळीच नाही.

पाचवा, नकली. दुसऱ्याचे नाव आणि खोका वापरून केलेली फसवणूक. तिच्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

२०१४चा निकाल आणि त्याने उघडलेली वाट

कंपनीचे भाग बाहेर का मिळत नव्हते, याचे उत्तर भारतीय स्पर्धा आयोगाने शोधले. २०११ साली शमशेर कटारिया यांनी होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध माहिती दाखल केली. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यांत मारुती, टाटा मोटर्स आणि महिंद्रा या आपल्या रस्त्यावरच्या कंपन्याही होत्या.

आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे होते. एकदा गाडी घेतली की तिच्या भागांसाठी ग्राहक त्या कंपनीशी बांधला जातो. पुरवठादारांना परस्पर बाजारात विकण्यापासून रोखले जाते, स्वतंत्र गॅरेजला भाग आणि तपासणीची यंत्रे मिळत नाहीत आणि या कोंडीचा फायदा भावात घेतला जातो. काही कंपन्यांच्या सर्वाधिक खपाच्या भागांवरची वाढ खरेदी किमतीच्या १०० टक्क्यांपासून काही बाबतीत ५,००० टक्क्यांच्या घरात गेल्याचे चौकशीत नोंदले गेले.

दंडापेक्षा आदेश महत्त्वाचे. स्वतंत्र गॅरेजना भाग आणि तपासणी यंत्रे मिळतील अशी व्यवस्था करा. पुरवठादारांना खुल्या बाजारात विकू द्या. भागांची माहिती आणि किमती संकेतस्थळावर ठेवा. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट लावू नका. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्या प्रकरणात मूळ निष्कर्ष कायम ठेवले, दंडाची रक्कम मात्र खाली आणली. दंडाचा वाद पुढेही न्यायालयात चालला, पण ग्राहकाच्या बाजूचा विचार एकदा नोंदला गेला तो गेलाच.

जगात याच सुमारास हे वारे वाहत होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने गाडीदुरुस्तीच्या हक्काचा कायदा स्वीकारला. युरोपीय संघाने २०१०च्या नियमांत सुट्या भागांच्या बाजारातली स्पर्धा राखण्याची तरतूद केली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींसह शेती अवजारेही आहेत. ट्रॅक्टर आणि गाडी दोन्ही बाळगणाऱ्या घराला ही माहिती दुहेरी कामाची आहे.

नंबर हीच किल्ली

भाव विचारण्याआधी पार्ट नंबर विचारावा. आरसीवर १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो, उत्पादनाचा महिना आणि वर्षही असते. कंपनीच्या काउंटरवर किंवा ऑनलाइन कॅटलॉगमध्ये त्यावरून नेमका भाग निघतो. नंबर काही वेळा बदलतो, जुन्याच्या जागी नवा येतो. म्हणून दोन्ही नंबर लिहून घ्यावेत. एकदा नंबर हातात आला की बाभुळगाव, यवतमाळ, नागपूर आणि ऑनलाइन या चारही ठिकाणी आपण एकाच वस्तूचा भाव विचारत असतो. नंबराविना केलेल्या चौकशीत प्रत्येक दुकानदार वेगळ्याच मालाचा भाव सांगतो आणि तुलना फसते.

नंबरामुळे आणखी एक वाट खुली होते. अनेक गाड्यांत भाग एकच असतात. फियाटचे १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन घ्या. ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये होते, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये होते आणि फियाटच्या पुंटोमध्येही. अशा वेळी एका कंपनीच्या खोक्यात महाग किंवा दुर्मीळ असलेला भाग दुसरीच्या खोक्यात सापडू शकतो. मात्र इंजिन एक असले तरी टर्बो, इंजेक्टर, माउंटिंग वेगळे असू शकते, म्हणून ‘तेच आहे’ या तोंडी खात्रीवर न जाता नंबर ताडावा.

ज्या कंपन्या निघून गेल्या त्यांच्या गाडीमालकांना तर हाच आधार आहे. शेवरले गाड्यांची विक्री २०१७च्या अखेरीस थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाड्यांसाठी मूळ पुरवठादाराचे नाव आणि नंबर ज्याने जपून ठेवला, त्याची गाडी चालू राहते.

जोड की तुकडा?

सर्वांत मोठी बचत भावातल्या सवलतीत नसते, ती इथे असते. शोरूममध्ये अनेक भाग पूर्ण जोड म्हणूनच बदलले जातात. लोअर आर्मचा बुश गेला तर आख्खा आर्म, अल्टरनेटर चार्ज करत नसला तर आख्खा अल्टरनेटर. सुट्या बाजारात बुश वेगळा मिळतो आणि प्रेसवर बसवता येतो, बॉल जॉइंट वेगळा मिळतो. अल्टरनेटरमध्ये पुष्कळदा कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा रेग्युलेटर एवढेच गेलेले असते. सेल्फचेही तसेच. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम नव्या जोडाच्या किमतीच्या लहानशा भागात करून देतो. एसी कॉम्प्रेसर आवाज करतो म्हणून बदलण्याआधी पुलीचे बेअरिंग तपासून घ्यावे.

काही ठिकाणी मात्र उलटे. क्लच प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग जुनेच ठेवले तर काही महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी दुप्पट होते. टायमिंग बेल्ट असेल तर टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बघायचे. जिथे मजुरी भागापेक्षा महाग, तिथे संच बदलावा. जिथे भाग महाग आणि मजुरी कमी, तिथे तुकडा.

कुठून घ्यावे: पूर्ण हिशेब

समजा एका लोअर आर्मचा भाव गावात १,९०० रुपये, यवतमाळला १,७००, ऑनलाइन कुरिअरसह १,६४०, पण पाच दिवसांनी. घरच्या गाडीसाठी ऑनलाइन ठीक, ती पाच दिवस उभी राहिली तर काही बिघडत नाही. रोज खर्च वजा जाता १,२०० रुपये सुटणाऱ्या पिकअपसाठी मात्र पाच दिवस म्हणजे ६,००० रुपये. तिच्यासाठी गावातला १,९००चा भाग सर्वांत स्वस्त. यवतमाळची खेप त्याच कामासाठी केली तर भाडे आणि अर्धा दिवस मिळवावा लागतो, दुसऱ्या कामासोबत केली तर नाही.

यावरून एक साधी सवय निघते. ज्यांची झीज ठरलेली असते ते फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड, वायपर आधीच, निवांत वेळी, ऑनलाइन किंवा घाऊक भावाने आणून ठेवावेत. अचानक जाणारा भाग जवळच्या दुकानातून घ्यावा. कापूस वाहण्याचा हंगाम सुरू होण्याआधी मालवाहू गाडीची यादी करून सर्व भाग एकदम मागवले तर दुकानदारही भाव खाली आणतो आणि पार्सलचा खर्च एकदाच पडतो. दोन-चार गाडीमालकांनी मिळून मागवले तर आणखी सोपे.

मोठ्या बाजारांची नावे ठाऊक असावीत: पुण्याची नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, दिल्लीचे काश्मिरी गेट. जुन्या किंवा दुर्मीळ गाडीचा भाग तिथून कुरिअरने येतो. ऑनलाइन विक्रीत बूडमोसारख्या ठिकाणी एका नंबराखाली वेगवेगळ्या ब्रँडचे भाव शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे विकत न घेताही तुलनेसाठी त्यांचा उपयोग होतो. विक्रेता कोण, परत घेण्याची अट काय, इलेक्ट्रिकल भाग परत घेतो का, हे आधी वाचावे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, नकली किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

मिस्त्री, कमिशन आणि उधारी

गॅरेजला भागावर कमिशन मिळते, हे गुपित नाही आणि गुन्हाही नाही. गावाकडे मजुरीचे दर कमी ठेवावे लागतात आणि ती तूट भागावरच्या मार्जिनातून भरून निघते. आपण भाग स्वतः आणला आणि मजुरी जुन्याच दराने दिली तर मिस्त्रीचे नुकसान होते आणि भाग बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हा वादही उरतो. सरळ मार्ग असा, की मजुरी रास्त द्यावी, ती वेगळी लिहून घ्यावी आणि भागाचे बिल दुकानाच्या नावाने स्वतंत्र घ्यावे. चांगला मिस्त्री चुकीचे निदान टाळून जेवढे वाचवतो, तेवढे कोणतीही सूट वाचवत नाही. बीएस-६ गाडीत तर स्कॅनर लावून पाहिल्याशिवाय सेन्सर बदलणे म्हणजे पैसे फेकणे.

उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असतो, आणि दुकानदाराचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात हे पाहता ते समजण्यासारखे आहे. पण दोन्ही भाव आधी विचारून घ्यावेत. फरक मोठा असेल तर बचत गटाचे किंवा पतसंस्थेचे छोटे कर्ज काढून रोखीने घेणे कधी कधी स्वस्त पडते.

जुना माल

अपघातात गेलेल्या किंवा मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग हा मोठा बाजार आहे. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. दार, बोनेट, आरसा, काच, सीट, हेडलाइट, डॅशबोर्डचे प्लास्टिक इथून घेण्यात मोठी बचत आहे. ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे जोड, सीटबेल्ट, एअरबॅग आणि टायर जुने घेऊ नयेत. इंजिन घेतले तर त्याचा नंबर, मूळ गाडीची कागदपत्रे आणि आरटीओतली नोंद पूर्ण करावी, कारण चोरीचा माल माहीत असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रे सुरू होत आहेत. त्यांच्याकडून बिलासह मिळणारा जुना भाग हा पुढे अधिक विश्वासाचा पर्याय ठरू शकतो.

नकली माल

सुट्या भागांच्या उत्पादकांची संघटना अॅक्मा हिने ‘असली-नकली’ नावाची मोहीम चालवली, यावरून प्रश्नाचा आकार कळतो. नकली ऑइल फिल्टरमध्ये कागद कमी असतो, नकली ब्रेक पॅड तापल्यावर पकडत नाही, नकली बेअरिंग वेगात तुटते. नुकसान पैशापुरते राहत नाही.

ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. छापील नावातली चूक, पुसट होलोग्राम, स्कॅन न होणारा क्यूआर कोड, नंबर नसलेला भाग आणि बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क असलाच पाहिजे. टायरवर आयएसआय चिन्ह आणि चार आकडी तारीख बघावी. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. बॅटरीचे वॉरंटी कार्ड दुकानातच भरून, शिक्का मारून घ्यावे आणि जुन्या बॅटरीची किंमत बिलातून वजा झाली का, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाला करता येते. भाग बसवल्यावर जुना भाग मागून घ्यावा आणि नव्याचा रिकामा खोका फाडून टाकावा. नकली माल खपवायला खरे खोकेच सर्वांत उपयोगी पडतात. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला १९९९च्या कायद्याच्या कलम १०४ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

बिल आणि दाद

पक्के बिल नको म्हणून थोडी सूट घेण्याची सवय महागात पडते. बिलावर ब्रँड, पार्ट नंबर, तारीख आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक असला तरच वॉरंटी चालते आणि तक्रार टिकते. विम्याचा दावा असेल तर भागांवरची घट आधी समजून घ्यावी. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के कापले जातात, काचेवर काही कापले जात नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घट वाढत जाते. शून्य घसारा पॉलिसी नव्या गाडीला म्हणूनच परवडते.

फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा दाखल करण्याची सोय दिली. म्हणजे दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्धही बाभुळगावच्या माणसाला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार ऑनलाइनही करता येते.

पुढे काय व्हायला हवे?

२०१४च्या आदेशांची खरी अंमलबजावणी तालुक्याच्या पातळीवर दिसायला हवी. प्रत्येक कंपनीच्या भागांची किंमत आणि नंबर मराठीत, मोबाइलवर सहज मिळावेत. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या मुलांना स्कॅनर आणि कॅटलॉग हाताळायला मिळावा, कारण पुढे गावातले गॅरेज तीच चालवणार आहेत. दुकानांनी नेहमीच्या वीस-पंचवीस भागांचे भाव, ब्रँडच्या नावासह, फलकावर लावावेत.

बाकीचे काम ग्राहकाचे आहे. जो केवळ ‘स्वस्त द्या’ म्हणतो त्याच्यासाठी बाजार स्वस्त माल बनवतो आणि तो माल ठेवण्यावाचून दुकानदारालाही पर्याय राहत नाही. जो नंबर विचारतो, ब्रँड विचारतो, बिल मागतो आणि मजुरी प्रामाणिकपणे देतो, त्याच्यासाठी चांगला माल ठेवणे दुकानदाराला परवडू लागते. अशी गिऱ्हाइके गावात जितकी वाढतील, तितका प्रामाणिक दुकानदाराचा आणि कसबी मिस्त्रीचा धंदा टिकेल, आणि रास्त भावासाठी बाभुळगावच्या माणसाला नागपूर गाठावे लागणार नाही.